वाक्याच्या आधीचा शब्द

दारव्ह्याच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या नंदकिशोर सरांच्या हाताखालून गेलेल्या कुणालाही विचारा, सर म्हटलं की त्याला फळ्याचा डावा कोपरा आठवतो. त्या कोपऱ्यात एक चौकोन आखलेला असायचा आणि त्यात सरांच्या वळणदार अक्षरात काही इंग्रजी शब्द लिहिलेले असायचे. अ‍ॅक्च्युअली. बेसिकली. यू नो. टु बी ऑनेस्ट. हे शब्द वर्गात बंद. कुणाच्या तोंडून निसटला, की सर खडू खाली ठेवत आणि म्हणत, "बाहेर जा. वाक्य नीट करून आण, मग आत ये." मग ते पोरगं व्हरांड्यात उभं राहून ओठातल्या ओठात वाक्य घोळवत बसायचं.

"ज्याले खरं सांगायचं आहे, तो 'टु बी ऑनेस्ट' कायले म्हणेल?" सर विचारायचे. "आधी काय खोटं बोलून राह्यला होता?" वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत. नको ते शब्द भाषेत आले की विचार आळशी होतो, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि चौतीस वर्षं त्यांनी ते निष्ठेनं पाळलं.

निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. टीव्हीवरच्या बातम्या ऐकताना, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही कुणी असा शब्द उच्चारला की सरांची मान आपोआप वळायची. प्रेमसिंग हा त्यांचा जुना विद्यार्थी. आठवीत व्हरांड्यातच जास्त राहिलेला. आता दारव्हा ते यवतमाळ जीप चालवतो. सर जीपमध्ये बसले की तो सवाऱ्यांना आधीच बजावायचा, "सर हायेत बाप्पा, इंग्लिश जपून वापरा."

बाहेर हे सगळं गमतीचं होतं. घरात तेवढं नव्हतं. सरांचा एकुलता मुलगा सलील पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता, आणि त्याचं एक वाक्य 'बेसिकली'शिवाय सुरू व्हायचं नाही. फोनवर तो बोलायला लागला की सर म्हणायचे, "काढ तो शब्द. आता पुन्हा सांग." सलील क्षणभर गप्प व्हायचा, मग म्हणायचा, "आईला द्या फोन." हळूहळू फोन थेट आईच्याच मोबाईलवर यायला लागला. बापलेकांचं बोलणं उरलं ते सणासुदीला. तब्येत कशी? बरी. ठेवतो मग.

गेल्या डिसेंबरात, आठवडी बाजाराच्या दिवशी, सर तुरीच्या शेंगा घ्यायला तानाबाईच्या दुकानापुढे उभे होते. शेंगा कोवळ्या आहेत का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द आलाच नाही. शेंगा समोर दिसत होत्या, हिरव्या, अंगावर तांबूस रेघा असलेल्या. चवसुद्धा जिभेवर आली. फक्त त्यांना काय म्हणतात ते गेलं होतं. सरांना भीती वाटली नाही, उलट नवल वाटलं. कुणीतरी दार लोटून घ्यावं तसा बाजाराचा गलका लांब गेला. तानाबाईचे ओठ हलत होते. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनिंग कारखान्याकडे चालल्या होत्या, आणि त्यातून उडालेला एक पुंजका त्यांच्या डोळ्यांसमोरून सावकाश खाली येत होता. तो जमिनीला टेकेपर्यंत बघत राहावं असं त्यांच्या मनात आलं. पण त्याच्या आधी ते स्वतःच टेकले.

"अवो, सरांले धरा कोणी! धरा नं!" तानाबाई ओरडली.

प्रेमसिंगची जीप भरून निघण्याच्या बेतात होती. त्यानं सगळ्या सवाऱ्या उतरवल्या, मागच्या बाकावर सरांना आडवं केलं आणि एका दमात यवतमाळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून निभावलं. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता. मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला मार बसला होता. माणूस सगळा जागच्या जागी होता, फक्त त्याची भाषा निघून गेली होती.

ते दिवस सरांना लांबलेल्या दुपारच्या झोपेसारखे होते. दवाखान्यातून घरी आणल्यावर पत्नी रजनीताईंनी त्यांची खाट मागच्या खोलीत खिडकीशी लावली. खिडकीबाहेर कडुनिंब होता. सर तासन् तास त्याच्याकडे बघत. पानं हलायची, त्यांच्या सावल्या भिंतीवर हलायच्या, आणि कुठल्याच वस्तूला नाव नसल्यामुळे सगळं एकमेकांत मिसळून जायचं. उन्हाला ऊन म्हणायचं नव्हतं, पाखराला पाखरू म्हणायचं नव्हतं. कधी वाटायचं, आपण वर्गात आहोत आणि पोरं उठून गेलीत. बाकं तेवढी उरलीत आणि खिडकीतून कापूस आत येतोय, बाकांवर साचतोय. त्यात हात घालावा तर काहीच लागायचं नाही. खरं सांगायचं तर त्या शांततेत त्यांना बरं वाटत होतं. आयुष्यभर ते शब्दांवर पहारा देत आले होते. आता पहारा द्यायला काही उरलंच नव्हतं.

अकराव्या दिवशी सकाळी रजनीताई पाण्याचा पेला घेऊन आल्या. "पाणी देऊ का?"

सरांना सांगायचं होतं, डाव्या हातात दे, उजव्या अंगानं पाणी सांडतं. वाक्य आत कुठेतरी तयार होतं. त्यांनी जीव एकवटून ओठ उघडले.

"अ‍ॅक्च्युअली," सर म्हणाले.

अगदी स्वच्छ आला शब्द. उच्चारसुद्धा बिनचूक. रजनीताईंनी पेला खाली ठेवला. सर स्वतःच्या तोंडातून साप निघाल्यासारखे बघत राहिले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, दात आवळून केला. "अ‍ॅक्च्युअली… बेसिकली…" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रजनीताई खाटेवर बसल्या, हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "असू द्या हो," त्या म्हणाल्या. "बोललात नं! काहीतरी बोललात!"

दवाखान्यात चार दिवस राहून पुण्याला परतलेला सलील त्याच रात्रीच्या गाडीनं पुन्हा निघाला. महिनाभर घरूनच काम करायची परवानगी त्यानं काढून आणली आणि समोरच्या खोलीत टेबल मांडलं.

आठवड्यातून दोनदा प्रेमसिंगच्या जीपनं सरांना यवतमाळला न्यायचं ठरलं. तिथे साधना नावाची मुलगी होती, बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी. वय तिशीचं, आवाज हळू. ती पुठ्ठ्यावरची चित्रं दाखवायची. गाय. बादली. किल्ली. सर गायीकडे बघत, गाय त्यांच्याकडे बघायची, आणि शेवटी सर म्हणत, "यू नो."

"लाजू नका, सर," साधना म्हणाली. "विचार करून बोलायचे शब्द वेगळ्या वाटेनं येतात अन् न विचारता तोंडात येणारे वेगळ्या वाटेनं. तुमची पहिली वाट बंद झाली, दुसरी थोडी उघडी आहे. कोणाच्या तोंडी आकडे राहतात, कोणाच्या शिव्या. लय वेळा म्हटलेले शब्दच उरतात."

सरांनी डावा हात जोरात हलवला. मी कधीच म्हणत नव्हतो, असं त्यांना म्हणायचं होतं. ते रजनीताईंना कळलं.

"म्हणत नव्हते कसे?" रजनीताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण बरीच वर्षं साठलेलं काहीतरी होतं. "चौतीस वर्षं रोज फळ्यावर कोण लिहीत होतं? रोज कोण ओरडत होतं, अ‍ॅक्च्युअली म्हणू नका, बेसिकली म्हणू नका? पोरं एकदा म्हणायची, तुम्ही दहादा. तुमच्याएवढे हे शब्द साऱ्या दारव्ह्यात कोणी म्हटले नसतील."

सर परतीच्या वाटेवर डोळे मिटून बसून राहिले.

दुपारी घर शांत असायचं. रजनीताई पडवीत गहू निवडत बसायच्या आणि समोरच्या खोलीतून सलीलचा आवाज यायचा. दिवसभर त्याच्या मिटिंगा चालत. सरांना आता इंग्रजीतलं सगळं उमगत नव्हतं. वाक्यं लांबून जाणाऱ्या मालगाडीसारखी निघून जायची आणि मध्ये मध्ये ओळखीचे डबे दिसायचे. बेसिकली. टु बी ऑनेस्ट. यू नो. पूर्वी हे शब्द आले की सरांचं डोकं फिरायचं. आता दुसरं काही कळतच नसल्यामुळे ते त्यांचीच वाट बघायला लागले. डोळे मिटून ऐकता ऐकता त्यांच्या कानांनी एक गोष्ट टिपली. सलील जेव्हा सहकाऱ्याशी हसून बोलायचा, तेव्हा ते शब्द कमी असायचे. कुणी वरचा माणूस प्रश्न विचारायचा, की आधी एक अगदी लहानशी शांतता पडायची. शांतताही नव्हे, घशात काहीतरी अडल्याचा बारीक आवाज. मग 'बेसिकली' यायचं, आणि त्याला धरून धरून बाकीचं वाक्य बाहेर पडायचं.

ही अडण्याची जागा सरांना ओळखीची वाटली. गेले कितीतरी दिवस ते स्वतः तिथेच उभे होते.

त्या दुपारी झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठेतरी त्यांना एक सभागृह दिसलं. उंच पंखे होते, निळे पडदे होते. व्यासपीठावर सोळा वर्षांचा सलील पांढऱ्या शर्टात उभा होता. सगळे थांबले होते. पंखे फिरत होते, त्यांचा आवाज येत नव्हता. सलीलचे ओठ मिटलेले आणि गळ्याची शीर हलत होती. सरांना उठून त्याच्यापर्यंत जायचं होतं, पण खुर्च्यांच्या रांगा संपतच नव्हत्या.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन कलतं झालं होतं. सरांना कळलं की हे स्वप्न नव्हतं, हे घडलं होतं. यवतमाळला जिल्ह्याची इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा होती. सरांनीच सलीलचं नाव दिलं होतं. आदल्या आठवड्यात सलील त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. "बाबा, अ‍ॅक्च्युअली मले… अ‍ॅक्च्युअली…" सर वह्या तपासत होते. मान वर न करता ते म्हणाले होते, "दोनदा झालं. जा, वाक्य करून आण." सलील गेला तो परत आलाच नाही. स्पर्धेच्या दिवशी तो व्यासपीठावर पूर्ण एक मिनिट गप्प उभा राहिला आणि खाली उतरला. त्यानं तयारी केली नाही, असं सर धरून चालले. बसस्टँडपर्यंत ते त्याच्या दहा पावलं पुढे चालत गेले होते.

तो दारात उभा राहून काय सांगायला आला होता? हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं, आणि विचारायला शब्द नव्हता.

उत्तर त्यांना साधनाच्या खोलीत मिळालं, तेही न विचारता. जानेवारीतला दिवस होता. घरी कसा सराव चालला आहे, हे सलील तिला सांगत होता. "बेसिकली, सकाळी आम्ही… बेसिकली चित्रं घेतो अन् मग…" साधना वहीत लिहीत होती. तिनं पेन ठेवलं.

"सलीलदादा, एक विचारू? राग मानू नका. शब्द अडतो नं तुमचा? मग त्याच्या आधी दुसरा एखादा सोपा शब्द लावून तो काढता?"

सलील एकदम लाल झाला. मग हसला. "तुम्हाला कसं कळलं? पुण्यात कोणालाच माहीत नाही."

"माझं कामच आहे ते. कधीपासून?"

"लहानपणापासून थोडंथोडं. अकरावीत वाढलं. 'ब' आणि 'म' फार त्रास देतात. एकटाच नागपूरला एका डॉक्टरकडे गेलतो. ते म्हणाले, आधी एखादा तोंडात बसलेला शब्द घ्या, तो 'ब'चा असला तरी सवयीनं निघून जातो, अन् त्याच्या जोरावर पुढचा निघतो." त्यानं टेबलावरचं किल्लीचं चित्र पुढे ओढलं. "इंग्रजीत असे शब्द भरपूर आहेत. कोणाला शंका येत नाही. लोक म्हणतात, स्टाइल मारते."

रजनीताई खाली बघत पदराचं टोक गुंडाळत होत्या. "मले माहीत होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यानंच शपथ घातली होती, बाबांले सांगू नको म्हणून."

सर खुर्चीत बसले होते. त्यांना प्रत्येक शब्द समजला होता. आजारपणानंतर इतकं स्वच्छ त्यांना काहीच समजलं नव्हतं. घरात चोवीस तास एक मुलगा काठीच्या आधारानं चालत होता, आणि भाषेचा मास्तर बाप ती काठी रोज काढून घेत होता. त्यांनी सलीलकडे पाहिलं. सलीलनं नजर वळवली आणि तो किल्लीचं चित्र उगाच सरळ करत बसला.

परतताना जीपमध्ये दुसऱ्या सवाऱ्या नव्हत्या. रजनीताई पुढे प्रेमसिंगशेजारी बसल्या, बापलेक मागे. उतरतं ऊन होतं. दोन्ही बाजूंना शेतं पसरली होती. पऱ्हाट्यांवर शेवटच्या वेचणीचा कापूस राहिला होता. दिवसभर गेलेल्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींवर अडकला होता. काट्याकाट्यावर पांढरं, मैलोन् मैल. उन्हात ते सगळं आतून उजळल्यासारखं दिसत होतं आणि जीप त्यातून तरंगत चालल्यासारखी वाटत होती.

सरांनी डावा हात सलीलच्या गुडघ्यावर ठेवला.

"बेसिकली…" ते म्हणाले.

सलीलनं त्यांच्याकडे पाहिलं. सर अडले होते. ओठ हलत होते, कपाळावर शीर उभी राहिली होती. कुणीही मदत करायला धावलं असतं. पाणी पाहिजे का, थांबवू का, दुखतंय का? गेला महिनाभर घरात सगळे हेच करत होते. सलीलनं काहीच विचारलं नाही. अशा वेळी मध्ये कुणी बोलू नये, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो वडिलांच्या तोंडाकडे न बघता बाभळींकडे बघत राहिला, कारण तोंडाकडे बघितलं की शब्द आणखी अडतो.

एक पूल गेला. शेळ्यांचा कळप गेला. सागाची झाडी आली आणि संपली.

"बेसिकली… मी…" सर म्हणाले. "थांबलो… नाही."

पुढे रजनीताईंनी मान वळवली. प्रेमसिंगनं आरशातून पाहिलं आणि जीप कडेला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यानं घेतली. इंजिन बंद झाल्यावर शेतातला वारा ऐकू यायला लागला.

"काहून थांबवली?" रजनीताईंनी विचारलं.

"उगंच जी," प्रेमसिंग म्हणाला आणि खाली उतरून टायर बघायला लागला.

सलील बाभळींवरून नजर काढून वडिलांकडे वळला. मग त्यानं तोंड उघडलं, आणि नेहमीचा शब्द घेतला नाही. तो तसाच, आधाराशिवाय निघाला.

"ब… ब… ब… बा…"

त्याचे डोळे मिटले, मान किंचित मागे गेली. वीस-बावीस वर्षं त्यानं हा चेहरा कुणाला दिसू दिला नव्हता. सरांना वाटलं, आता आपण काहीतरी करावं, म्हणावं, हात धरावा. त्यांनी काही केलं नाही. ते बाभळीवरच्या कापसाकडे बघत बसले. वाऱ्यानं एक पुंजका सुटला, वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"बाबा," सलील म्हणाला. "म… मले त्या दिवशी तेच सांगायचं होतं. माझ्यानं बोलणं होत नाही म्हणून. माझं नाव काढा म्हणून."

सरांनी मान हलवली. हो. त्यांचा डावा हात अजून त्याच्या गुडघ्यावरच होता. तो त्यांनी दोनदा थोपटला.

"तुम्ही पुढे पुढे चालून राह्यले होते," सलील म्हणाला. आता त्याला थांबवणं कठीण होतं. तो अडत होता, परत सुरू होत होता. "मले वाटलं, मागे वळून एकदा पाह्यलं तरी म… मी सांगतो. बसस्टँड येईपर्यंत पाहत होतो."

"अ‍ॅक्च्युअली," सर म्हणाले, आणि पुढे काहीच आलं नाही. पण त्यांचे डोळे भरून वाहत होते. डाव्या हाताची पाठ गालाला लावून त्यांनी ते पुसले, लहान मुलं पुसतात तसे.

प्रेमसिंग शेजारच्या शेतातून हरभऱ्याचे चार हिरवे डहाळे घेऊन आला. शेतमालक ओळखीचा होता म्हणे. चौघांनी जीपमध्ये बसून घाटे सोलले. सरांना एका हातानं ते जमेना, तर सलील सोलून त्यांच्या तळहातावर ठेवत गेला. हिरवे, आंबूस दाणे.  सूर्य टेकायला आला तेव्हा प्रेमसिंगनं जीप चालू केली.

सलील फेब्रुवारीत पुण्याला गेला. साधनानं तिथल्या एका बाईंचा नंबर दिला होता. तो आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जायला लागला. कंपनीतल्या त्याच्या साहेबांना त्यानं सरळ सांगून टाकलं की माझा शब्द अडतो, जरा वेळ लागेल. साहेब म्हणाले, हरकत नाही. इतकी वर्षं ज्याला भीत होता, ते एका वाक्यात संपलं, याचंच त्याला हसू आलं. 'बेसिकली' मात्र गेलं नाही. काही दिवशी दहादा येतं, काही दिवशी एकदाही नाही.

सरांचा पाय सुधारला. काठी घेऊन ते अंगणापर्यंत जातात. होळीपर्यंत त्यांच्याकडे पन्नासेक शब्द परत आले होते. चहा आला, कडुनिंब आला, एका सकाळी रजनी आलं, आणि त्या दिवशी रजनीताईंनी दोनदा चहा केला. पण वाक्य सुरू करायचं तर सरांना अजून त्या चौकोनातलाच एखादा शब्द लागतो. "टु बी ऑनेस्ट, मीठ," ते जेवताना म्हणतात, आणि रजनीताई मीठ पुढे करतात.

सलीलचा फोन आता रोज सकाळी येतो, ऑफिसला निघण्याआधी, सरांच्या मोबाईलवर. सर अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतात. फोन अर्धा-अर्धा तास चालतो आणि त्यातला बराचसा वेळ दोन्हीकडे काहीच ऐकू येत नाही. परवा रजनीताई तुळशीला पाणी घालत होत्या. पाच मिनिटं झाली, सर फोन कानाला लावून नुसते बसलेले.

"कट झाला का जी फोन?" त्यांनी विचारलं.

सरांनी डावा तळवा हळूच वर केला, थांब म्हणून. पलीकडून शब्द येत होता.